गुडघा बदलला, मन केव्हा बदलणार?

ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर सांधेरोपणाची शस्त्रक्रिया झाली. अमेरिकेत नावलौकिक मिळवलेले मूळचे भारतीय शल्यविशारद डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ती केली. जून २००१ मध्ये उजव्या गुडघ्याचीही पाळी आली. तोवर अटलजींनी पंचाहत्तरी ओलांडली होती. दुसऱ्या शस्त्रक्रियेला जेमतेम पाच-सहा आठवडे झाले असतील-नसतील, तोच जुलैमध्ये ते आग्रा येथे मुशर्रफ यांच्याशी वाटाघाटींना बसले. जानेवारी २००४ मध्ये सार्क परिषदेसाठी इस्लामाबादलाही गेले. त्यांची चाल संथच राहिली. पण संथ चालणे आणि थांबणे यांत फार अंतर आहे.

त्या दोन शस्त्रक्रियांमुळे गुडघेरोपण हा विषय मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत पोहोचला. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत सरासरी दीड लाख रुपयांहून अधिक होती. ती करवगळता ५४,७२० रुपयांवर आली. सांधा टिकाऊही आहे. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, असे शंभरांपैकी सुमारे ब्याऐंशी सांधे पंचवीस वर्षे टिकतात. म्हणजे विज्ञानाने आपले काम केले, शासनाने आपला वाटा उचलला. प्रश्न उरतो तो घराचा आणि समाजाचा.

आंबेगाव तालुक्याच्या घोडेगावचेच उदाहरण घेऊ. भीमाशंकरच्या वाटेवरचे हे तालुक्याचे ठिकाण. पश्चिमेकडे डिंभ्याच्या पलीकडे भाताची खाचरे आणि हिरड्याची झाडे. इथले सारे जीवनच गुडघ्यांवर उभे आहे. चिखलात वाकून आवणी करायची, चुलीपुढे उकिडवे बसायचे, पंगतीत मांडी घालायची, देवदर्शनाला पायऱ्या उतरायच्या-चढायच्या. अशा आयुष्यात झिजलेला गुडघा पुण्याच्या रुग्णालयात बदलून येतो. पहिल्या एक-दोन दिवसांत रुग्ण वॉकर धरून उभा राहतो, चार पावले टाकतो. सारे समाधानाने घरी परततात आणि नेमकी इथेच खरी परीक्षा सुरू होते.

घरी आल्यावर प्रेमाचा पूर लोटतो. “आजी, तुम्ही उठू नका, पाणी आम्ही देतो.” “आप्पा, ओट्यावर जाऊ नका, पडाल.” हेतू निर्मळ असतो, परिणाम मात्र घातक. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले सहा ते बारा आठवडे फार मोलाचे असतात. या काळात गुडघा पूर्ण सरळ झाला नाही आणि पुरेसा वाकला नाही, तर भोवतालच्या ऊती आखडतात व सांधा ताठर होतो. मांडीचा पुढचा स्नायू आधीच दुबळा झालेला असतो; तो व्यायामानेच बळावतो. खाटेवर पडून घोटा वरखाली हलवणे, टाच सरकवत गुडघा वाकवणे, पाय सरळ ठेवून मांडी आवळणे, हे साधे व्यायाम दिवसातून अनेकदा करावे लागतात. ते दुखतात, म्हणून टाळले जातात. आणि घरचेही ‘राहू दे आज’ म्हणून मान डोलावतात.

दुसरा अडसर भीतीचा. जी व्यक्ती वर्षानुवर्षे दुखऱ्या गुडघ्याला सांभाळत चालली, तिचे मन नव्या सांध्यावर भार टाकायला सहजी तयार होत नाही. सूज, ऊब, व्रणाशेजारची बधिरता काही महिने राहू शकते. ती दिसली की ‘शस्त्रक्रिया फसली’ असा समज होतो. कुटुंबाला पुरेशी माहिती असेल, तर ही भीती निम्मी होते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, एवढा नियमही आत्मविश्वास देतो. मात्र पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, ताप आला, व्रणातून स्राव येऊ लागला किंवा छातीत दुखून धाप लागली, तर घरगुती उपाय न करता तत्काळ डॉक्टर गाठावा. धीर देणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे.

काहीजण म्हणतील, साठी-सत्तरी उलटल्यावर विसावा घेणे हीच आपली परंपरा नव्हे काय? मुळीच नव्हे. वानप्रस्थ म्हणजे निष्क्रियता नव्हे. संसाराचा भार उतरवून समाजाच्या कामाला मोकळे होणे, असाच त्याचा अर्थ आम्ही घेतो. आळंदीहून पंढरीची वाट तुडवणाऱ्या वृद्ध वारकऱ्यांना कोणी विसाव्याचा उपदेश करत नाही. आणि घरातील स्त्रीच्या बाबतीत आपला व्यवहार अधिकच विपरीत असतो. तिची शस्त्रक्रिया ‘पोरीचे लग्न होऊ दे’, ‘सुगी आटपू दे’ म्हणत पुढे ढकलली जाते. झाल्यावर तिला एक तर खाटेला खिळवले जाते, नाहीतर पंधराव्या दिवशी चुलीशी उभे केले जाते. दोन्ही अन्यायच.

मग करावे काय? घरात कमोड बसवावा, न्हाणीत धरायला दांडी लावावी, ओट्याच्या पायऱ्यांना कठडा करावा. खाली बसण्याचा आग्रह सोडावा; पूजा खुर्चीवर बसून केली तरी देवाला तेवढीच पोहोचते. गावाने मंदिराच्या सभामंडपात चार खुर्च्या ठेवाव्यात. ज्येष्ठ स्वयंसेवकासाठी शाखेवर खुर्ची मांडण्यात संकोच कसला? भौतिकोपचार तज्ज्ञासाठी प्रत्येक वेळी पुणे गाठणे खेड्यातल्या माणसाला परवडत नाही. तेव्हा आठवड्यातून एक दिवस तरी तालुक्याच्या ठिकाणी ही सेवा मिळावी, असा आग्रह लोकप्रतिनिधींकडे धरला पाहिजे. सेवाकार्यातील तरुणांनी सायंकाळी एकेका ज्येष्ठासोबत अर्धा तास चालण्याचा नेम केला, तर त्याला पैसा लागत नाही, फक्त आत्मीयता लागते.

काठी ही लाचारीची खूण नव्हे. ती स्वावलंबनाकडे जाणारी पहिली सोबतीण आहे. धातूचा सांधा पैशाने मिळतो. चाल मात्र रुग्णाच्या जिद्दीने आणि कुटुंबाच्या विवेकाने मिळवावी लागते. आपल्या ज्येष्ठांना जपायचे असेल, तर त्यांना बसवून ठेवू नका, त्यांच्यासोबत चला.