बाक बदलण्याआधी

ओस्कारच्या वडिलांनी त्याच्या आईला गोळी घातली. मुलगा आपला नाही, हे त्यांना कळलं होतं. मग त्याला घेऊन ते गावोगाव भटकले, शेवटी जर्मनीतल्या एका वसतिगृहाच्या शाळेत सोडून दक्षिण अमेरिकेला निघून गेले. शाळेचे मुख्याध्यापक हेच आपले जन्मदाते, हे ओस्कारला ठाऊक आहे. पण तो तोंड उघडत नाही.

मोतो हागिओ यांच्या ‘थॉमसचं हृदय’ या जपानी चित्रकथेतला, म्हणजे मांगातला, हा मुलगा. १९७४ साली ती मुलींच्या एका साप्ताहिकात क्रमशः आली. सुरुवातीला वाचकांचा कौल इतका वाईट होता, की मालिका गुंडाळायची वेळ आली होती. आज ‘बॉइज लव्ह’ या, मुलामुलांमधल्या प्रेमाच्या कथाप्रकाराची मुळं ज्या मोजक्या कथांमध्ये शोधतात, त्यांतली ती एक. नाव ऐकूनच नाक मुरडणाऱ्यांनी ती जरूर वाचावी.

ओस्कारचा खोलीसोबती युली. अभ्यासात पुढे, शिस्तीत चोख, शिक्षकांचा लाडका. वडिलांकडून आलेल्या काळ्या केसांवरून आजी त्याला परकं मानते. वरच्या वर्गातल्या मुलांनी त्याचा अमानुष छळ केला आहे, छातीवर सिगारेटच्या चटक्यांचे व्रण आहेत. मोठ्यांपैकी कुणाला पत्ता नाही, कारण गुणी मुलाकडे निरखून बघायची गरज कुणाला वाटत नाही. ओस्कारला मात्र माहीत आहे. तो खोदून विचारत नाही, चारचौघांत विषय काढत नाही, पण त्याची पाठही सोडत नाही. युली झिडकारतो, तरी हा तिथेच. मैत्रीचं इतकं खरं चित्र मी फार कमी ठिकाणी वाचलं आहे.

एक गोष्ट खटकते. कथेची सुरुवात थॉमस या मुलाच्या आत्महत्येने होते आणि तिला प्रेमाच्या बलिदानाचं रूप दिलं आहे. मुलांच्या हाती पुस्तक देताना याविषयी त्यांच्याशी मोकळेपणाने बोलायलाच हवं. ते टाळून चालणार नाही.

ओस्कार आणि युली वाचताना मला माझा वर्ग आठवतो. मी नववी-दहावीला शिकवते. पालकसभेत हमखास एक मागणी येते: ‘मॅडम, त्या दोघांना वेगळं बसवा.’ दोन मुलगे सतत एकत्र दिसले की वर्ग चिडवतो, घरचे धास्तावतात आणि आम्ही शिक्षक बाक बदलून मोकळे होतो. त्यांच्यातली ओढ मैत्रीची असो की प्रेमाची, घरात ज्याचं कुणी ऐकत नाही त्या मुलाचा तो मित्रच एकुलता एक ऐकणारा असू शकतो. तो हिरावून घ्यायचा अधिकार आपल्याला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पालकांना एवढीच विनंती: बाक बदलायला सांगण्याआधी मुलाजवळ बसा आणि तो मित्र त्याला का हवा आहे, ते त्याच्याच तोंडून ऐका. मध्ये बोलू नका.