भीती कशाची वाटायला हवी?



दसलक्षण, उपवास आणि उन्हाळी वाळवण यांवर लिहिणारी बाई आज एकदम भुताच्या सिनेमावर कशी घसरली, असं तुम्हाला वाटेल. पण मला हे सिनेमे कॉलेजपासून आवडतात. आमच्या ह्यांना अजिबात आवडत नाहीत, ते उशी डोक्यावर घेऊन झोपतात. इतकी वर्षं बघून माझं एक मत झालं आहे, तेच आज मांडते. चांगला भयपट भुताला घाबरायला शिकवत नाही. खरं भ्यायचं कशाला, एवढंच तो दाखवतो. वाईट भयपट मात्र नको त्याचीच भीती मनात घालतो.

आधी जुने बघू. १९४९ चा ‘महल’. अशोककुमार, मधुबाला आणि लताबाईंचं ते अंगावर काटा आणणारं गाणं. त्या गाण्याच्या पहिल्या तबकडीवर गायिकेचं नाव लताबाईंचं नव्हतं, सिनेमातल्या ‘कामिनी’चं होतं. झोपाळा हलतो, दिवे विझतात, आपण जीव मुठीत धरून बसतो आणि शेवटी कळतं की ते भूत म्हणजे त्याच महालात राहणारी एक हाडामांसाची मुलगी. १९६२ च्या ‘बीस साल बाद’मध्येही भुताच्या आड सूडाला पेटलेला माणूसच निघतो. १९६४ चा ‘वह कौन थी?’ तर मला सगळ्यात जास्त पटतो. पांढऱ्या साडीतली साधना पावसात उभी असते, मदनमोहनची गाणी चालू असतात, आणि हे सगळं कशासाठी? तर इस्टेटीसाठी! एका माणसाला वेडा ठरवायचं आणि पैसा लाटायचा. मी कॉमर्सची असल्यामुळे असेल, पण भुताच्या मागे जमाखर्च निघाला की मला बरं वाटतं. घरोघरी भांडणं होतात ती इस्टेटीवरूनच. भुतावरून कोणी कोर्टात गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

मग आले रामसे बंधू. १९७२ चा ‘दो गज ज़मीन के नीचे’, १९८४ चा ‘पुराना मंदिर’, १९८८ चा ‘वीराना’. कमी खर्चात काढलेले आणि तुफान चाललेले सिनेमे. आता हसू येतं. पण ‘पुराना मंदिर’मधली एक गोष्ट हसण्यासारखी नाही. त्यात सैतान घराण्याला शाप देतो तो कसला? घरातली बाई बाळंतपणात मरेल हा. पाप राजाच्या घराण्याच्या माथी मारायचं आणि ते फेडायचं लेकीसुनांनी! आणि एवढा भयंकर विषय हातात असून सिनेमाचं निम्मं लक्ष न्हाणीघरात. मला राग येतो तो या जातीच्या सिनेमांचा. बाई एक तर अंगप्रदर्शनाला, नाही तर उलट्या पायांची हडळ. आणि शेवटी सोडवायला येणार मांत्रिक. आपल्या राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. ज्या समाजाला असा कायदा करावा लागतो, तिथे मांत्रिकाला नायक करणं मला गंमत वाटत नाही.

आता अलीकडचे. रामगोपाल वर्माच्या २००३ च्या ‘भूत’मध्ये एकही गाणं नाही, वाडा नाही, स्मशान नाही. मुंबईतला फ्लॅट, लिफ्ट आणि वॉचमन. उर्मिला मातोंडकरनं काम फार छान केलंय. पण माझ्या लक्षात राहिला तो तिचा नवरा. त्या फ्लॅटमध्ये आधीची बाई मेली हे त्याला ठाऊक असतं, पण बायको घाबरेल म्हणून तो बोलत नाही. २०१८ चा ‘स्त्री’ बघताना पोट धरून हसले. तिथे रात्री पुरुषांना एकटं बाहेर पडायची भीती! म्हटलं, चार दिवस तुम्हीही भ्या.

त्याच वर्षीचा ‘तुंबाड’ मात्र आपल्या प्रत्येक घरानं बघावा असा. काळ १९१८ पासून १९४७ पर्यंतचा, सतत पाऊस, पडका वाडा आणि हस्तर नावाचा लोभी देव. नायक विनायक जीव धोक्यात घालून त्याच्याकडच्या सोन्याच्या मुद्रा आणतो. पहिल्यांदा गरज म्हणून, मग सवय म्हणून, आणि शेवटी स्वतःच्या मुलालाही तेच शिकवतो. अपरिग्रहावर आपण कितीतरी प्रवचनं ऐकली. पण ‘पुरे’ न म्हणणाऱ्या माणसाचं काय होतं, हे इतकं डोळ्यांसमोर मी कधी पाहिलं नव्हतं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. २०१७ सालचा मराठी ‘लपाछपी’. दिग्दर्शक विशाल फुरिया, कामं पूजा सावंत आणि उषा नाईक यांची. त्याचाच पुढे २०२१ साली हिंदीत ‘छोरी’ झाला. एक गरोदर बाई, कर्जात अडकलेला नवरा, आणि दोघं लपायला येतात ते उसाच्या फडाच्या मधोमध असलेल्या एका घरात. शेवट सांगत नाही. त्या घरानं जन्मलेल्या मुलींचं काय केलं, त्याची ही गोष्ट आहे.

इंग्रजीतला १९६८ चा ‘रोझमेरीज बेबी’ही असाच. शेजारीण रोज मायेनं पेला भरून काहीतरी प्यायला देते, नवरा ‘घे ना’ म्हणतो, आणि त्यानं आपल्या धंद्यातल्या यशासाठी बायकोचं गर्भाशय परस्पर व्यवहारात घातलेलं असतं. दोन्हीकडे भीती कसली? आपल्या पोटातल्या बाळाचा निर्णय आपल्याला न विचारता आजूबाजूच्या गोड बोलणाऱ्या माणसांनी घेऊन टाकला आहे, याची.

आणि ऊस तर आपल्याच भागातला. ‘लपाछपी’ लागला त्याच वर्षी, मार्चमध्ये, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला गर्भपातात एक बाई गेली आणि तपासात पुरलेले १९ भ्रूण सापडले. ते काही कुणी पटकथेत लिहिलेलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, आपल्यात असं नसतं. मैत्रिणींनो, मी आकड्यांची बाई आहे, म्हणून आकडेच सांगते. २००१ च्या जनगणनेत जैन समाजात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८७० मुली होत्या. २०११ ला ८८९. दोन्ही वेळा देशाचा आकडा आपल्यापेक्षा बरा होता. निसर्गाच्या हिशेबानं तो साधारण साडेनऊशे असायला हवा. आपण पाणी गाळून पितो, मुंगी चुकवून पाऊल टाकतो, कंदमुळं वर्ज्य करतो, शिक्षणात देशात पुढे आहोत. मग या हजारामागच्या साठ-ऐंशी मुली कुठे गेल्या? ताळेबंद जुळला नाही तर हिशेबनीस वही मिटून झोपत नाही. १९९४ चा गर्भलिंगनिदानबंदीचा कायदा आहे, पण डॉक्टरकडे जायचं ठरतं ते घरात. बहुतेक वेळा ते ठरवताना एखादी सासू, एखादी नणंदही बसलेली असते. आज वधूवर मेळाव्यात ‘मुलीच मिळत नाहीत हो’ म्हणून उसासे टाकणाऱ्या आयांना हा हिशेब कुणीतरी वाचून दाखवायला हवा.

असे सिनेमे बघून मनात अशुभ भाव येतात, असं काहीजणी म्हणतात. रक्त उडवण्यापुरतेच असलेले सिनेमे बघू नयेत, हे मलाही मान्य. लहान मुलांना आणि पोटुशीला तर मुळीच दाखवू नका. पण जो सिनेमा बघून हिंसेची शिसारी येते, तो हिंसेकडे नेत नाही, हिंसेपासून दूर नेतो. अनुप्रेक्षेत आपण संसाराचं भयंकर रूपच तर आठवतो.

तेव्हा एखाद्या रविवारी सूर्यास्तापूर्वी जेवून घ्या आणि ‘लपाछपी’ लावा. लेकाला आणि त्याच्या वडिलांनाही बसवा, उशी काढून घ्या. सिनेमा संपल्यावर सुनेच्या देखत एवढंच सांगा, की आपल्या घरात काय होतंय ते कुणी विचारणार नाही, आणि झालं की पेढे. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी, हा भेदसुद्धा बंद. दोन्हीला पेढेच, आणि तेवढेच किलो.