पळणं सुटलं? मग पुन्हा सुरू करा, आणि हळूच करा



गेल्या महिन्यात ओपीडीत एक जुने पेशंट आले. वय ४८, बँकेत नोकरी, सहा वर्षांपासून मधुमेह. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते आहे. दीड वर्षापूर्वी ते सकाळी पळायला लागले होते. पाच महिन्यांत वजन चार किलोने उतरलं. एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ६.८ वर आली. मग एके दिवशी खड्ड्यात पाय मुरगळला आणि दीड महिना विश्रांती घ्यावी लागली. त्यानंतर ते दिसलेच नाहीत. आता आले ते ८.९ चा रिपोर्ट हातात घेऊन.

मी विचारलं, "घोटा अजून दुखतो का?"

"नाही डॉक्टर, घोटा कधीच बरा झाला. मी परत ग्रुपमध्ये गेलो होतो. पण सगळे पुढं निघून जायचे आणि मी एकटाच मागं, धापा टाकत. चार दिवस गेलो. मग लाज वाटायला लागली. दिलं सोडून."

हे ऐकून मला माझीच एक चूक आठवली. पहिल्यांदा सलग ५ किलोमीटर पळाल्याचं त्यांनी मोठ्या आनंदाने सांगितलं होतं, तेव्हा मी काय विचारलं? "किती वेळात?" ते म्हणाले, "पन्नास मिनिटं." आणि मी म्हणाले, "छान. आता पंचेचाळीसच्या आत आणा." त्यांच्या साखरेला त्या पाच मिनिटांची काहीही गरज नव्हती. गरज होती ती त्यांनी वर्षानुवर्षं पळत राहण्याची. मी त्यांच्या हातात घड्याळ दिलं, आणि तेच घड्याळ पुढे त्यांना घरी बसवायला कारणीभूत झालं.

म्हणून आजचा लेख. माझं मत आधीच सांगून टाकते. हौशी पळणाऱ्या माणसाचं पळणं गुडघ्यामुळे सुटतं त्यापेक्षा जास्त वेळा संकोचामुळे सुटतं. आणि आपण मोजायचं काय, तर वेग नव्हे. सुटल्यानंतर आपण किती वेळा परत आलो, ते.

माझीही गोष्ट ऐका

मी सत्तेचाळिसाव्या वर्षी पळायला लागले. आज ५४ ची आहे. कोल्हापुरात रंकाळ्यावर पहाटे साडेपाचला जाते. माझा वेग असा की, झपाझप चालणारे आजोबा कधीकधी माझ्या पुढे निघून जातात. सुरुवातीला एका ओळखीच्या बाईंनी विचारलंही होतं, "काय डॉक्टर, चालताय का पळताय?" प्रश्न अगदी रास्त होता.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मला चिकुनगुनिया झाला. ताप चार दिवसांत गेला, पण घोटे आणि मनगटं तीन महिने धरून राहिली. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं भिंतीला धरून टाकायची. बरं वाटल्यावर मी काय केलं असेल? पेशंटला जे कधीच करू देणार नाही, तेच. आधीच पैसे भरले होते म्हणून पुरेशी तयारी नसताना एका हाफ मॅरेथॉनला उभी राहिले. अंतर २१.१ किलोमीटर, मुदत साडेतीन तास. सतराव्या किलोमीटरपाशी मागून बस आली. वेळेत न पोचणाऱ्यांना गोळा करणारी असते ती. आत आम्ही सहा जण होतो. कोणी कोणाशी बोललं नाही.

त्यानंतर सात आठवडे मी बूट घातले नाहीत. आणि त्या सात आठवड्यांत रोज ओपीडीत बसून मी लोकांना "व्यायाम करा" असं सांगत होते. हे लिहिताना आजही बरं वाटत नाही.

परत सुरू केल्यावर इतका दम का लागतो?

हे नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेक लोक हार मानतात. "आपलं वय झालं" किंवा "आपल्याला जमणार नाही" असं त्यांना वाटतं. खरं कारण वेगळं आहे.

पळणं थांबलं की पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, कमी होतो. त्यामुळे हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्त थोडं घटतं. तेवढंच काम करायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. म्हणून जुन्या वेगाने पळायला गेलात की नाडी भराभर वाढते आणि धाप लागते. काही आठवडे नियमित व्यायाम केला की हा बदल बराचसा भरून निघतो.

दुसरी बाब उलट्या बाजूची. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, पण हाडं आणि स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे महिने घेतात. हाडावर ताण पडला की शरीर आधी जुना भाग थोडा पोखरतं, मग तिथे नवीन भरतं. या एका फेऱ्याला तीन-चार महिने किंवा जास्तही लागतात. म्हणजे "आता दम लागत नाही, वाढवूया अंतर" असं वाटतं, नेमक्या त्याच वेळी पायाची हाडं अजून तयार नसतात. टाच, नडगी, गुडघा दुखायला लागतात ते बहुधा याच टप्प्यावर.

थोडक्यात, परत आल्यावर हळू पळणं हा कमीपणा नाही. शरीराला तेवढाच वेग हवा असतो.

हळू पळून फायदा होतो का?

होतो. पळताना काम करणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढून घेतात. शिवाय व्यायामानंतर पुढचे २४ ते ४८ तास इन्सुलिन अधिक चांगलं काम करतं. म्हणूनच मधुमेहींना आम्ही सांगतो, व्यायामाचा सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नका. या सगळ्यासाठी तुम्ही पहिले आलात की शेवटचे, याच्याशी स्नायूंना काही देणंघेणं नसतं.

अमेरिकेत डॅलसला ५५ हजारांहून जास्त प्रौढांचा सरासरी १५ वर्षं पाठपुरावा करून २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पळणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यूचा धोका न पळणाऱ्यांपेक्षा सुमारे ३० टक्के आणि हृदयरोगाने मृत्यूचा धोका सुमारे ४५ टक्के कमी दिसला. आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. दिवसाला पाच-दहा मिनिटं आणि हळू वेगाने पळणाऱ्यांमध्येही हा फरक दिसला. अशा अभ्यासाने कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही. पळणारी माणसं इतर बाबतींतही आरोग्याला जपत असतात. पण हळू पळणं वाया जात नाही, एवढं मी त्यावरून नक्की म्हणेन.

आणि गुडघे? "पळून गुडघे झिजतात" हे मी रोज ऐकते. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा हौशी पळणाऱ्यांपैकी ३.५ टक्के लोकांमध्ये गुडघ्याची किंवा खुब्याची झीज आढळली. बैठी जीवनशैली असणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण १०.२ टक्के होतं, आणि स्पर्धात्मक पातळीवर पळणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के. मात्र तुमचा गुडघा आधीच झिजलेला असेल, सुजत असेल, तर हे आकडे वाचून थेट पळायला जाऊ नका. आधी दाखवून घ्या.

परत येताना काय करावं

१. खाडा आठवड्याभराचा असेल तर थोडं कमी अंतर पळून पुन्हा सुरू करा. दोन-तीन आठवड्यांचा असेल तर आधीच्या निम्म्यापासून. महिना-दीड महिन्याच्या वर गेला असेल तर आधी अर्धा तास न दुखता चालता येतं का पाहा. मग एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं आठ-दहा वेळा.

२. वेग ठरवायला घड्याळ नको, तोंड पुरे. पळताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करा.

३. दिवस, अंतर आणि वेग यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवा.

४. दुखण्याला ० ते १० मध्ये गुण द्या. ३ पर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमलं तर हरकत नाही. त्याहून जास्त असेल, रोज वाढत असेल, लंगडावं लागत असेल किंवा हाडावर एकाच जागी बोट ठेवल्यावर दुखत असेल, तर थांबा आणि दाखवा. नडगीत किंवा पावलात अशी एका ठिकाणची कळ म्हणजे हाडाला बारीक तडा असू शकतो.

५. ताप, अंगदुखी असताना पळायचं नाही. "घाम काढला की ताप उतरतो" हा समज धोक्याचा आहे. काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतात. चिकुनगुनियानंतर सांधे सुजलेले असतील तर सूज उतरेपर्यंत सपाट जागी चालणं पुरे.

६. आठवड्यातून दोनदा मांड्या, पोटऱ्या आणि कंबरेच्या ताकदीचे व्यायाम करा. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं आणि पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली करणं, एवढ्यापासून सुरुवात होते.

छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चक्कर, छातीत धडधड, नेहमीपेक्षा वेगळीच धाप, यांपैकी काहीही झालं तर पळणं तिथेच थांबवा आणि त्याच दिवशी, शक्यतो ताबडतोब, ईसीजी काढा. "ॲसिडिटी असेल" म्हणून घरी जाऊ नका. चाळिशीनंतर मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात लवकर हृदयरोग झाल्याचा इतिहास असेल, तर सुरुवात करण्याआधी तपासणी करून घ्या. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा.

मनाचं काय?

ससा-कासवाची गोष्ट मी तुम्हाला सांगणार नाही, कारण त्यात कासव शेवटी जिंकतं. आपण जिंकणार नाही आहोत. पन्नाशीत सुरू करून ५ किलोमीटरला पन्नास मिनिटं घेणारा माणूस कोणाला हरवण्यासाठी पळत नसतो. हे एकदा मान्य केलं की बरंच ओझं उतरतं.

मी स्वतः दोन गोष्टी केल्या. मोबाइलमधलं वेग दाखवणारं ॲप काढून टाकलं. आणि किचनमधल्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचे खाडे लिहिते तिथेच, बूट घालून बाहेर पडले त्या दिवशी खूण करायला लागले. किती पळाले ते लिहायचं नाही, बाहेर पडले एवढंच. पहिल्या महिन्यात नऊ खुणा होत्या. नऊ कमी वाटतात, पण आधीच्या महिन्यात एकही नव्हती.

ग्रुपमध्ये पळत असाल तर एक विनंती. शेवटच्या माणसासाठी कोणीतरी थांबा. आळीपाळीने थांबा. आणि घरातलं कोणी पळून आलं की "किती वेळात?" विचारू नका. "कसं वाटलं?" एवढंच विचारा. डॉक्टर मंडळींनाही माझं हेच सांगणं आहे, आणि त्यात मी सर्वांत आधी आले.

त्या बँकेतल्या पेशंटची गोळी मी वाढवली. त्यांना ग्रुपऐवजी घरामागच्या मैदानावर, एक मिनिट पळून दोन मिनिटं चालायला सांगितलं. परवा ते बीपी दाखवायला आले होते. म्हणाले, "तीन आठवडे झाले डॉक्टर, पाच खाडे पडले." मी म्हणाले, "म्हणजे सोळा दिवस गेलात." ते हसले. एचबीएवनसी आणखी दोन-सव्वादोन महिन्यांनी करायची आहे. आकडा किती येईल ते आज सांगता येणार नाही. तो घेऊन ते या वेळी वेळेवर परत येतील, अशी मला आशा आहे.

तुमचेही बूट कपाटात पडून असतील तर उद्या सकाळी बाहेर काढा. दहा मिनिटं पुरेत.

तब्येतीला जपा.