पाय मातीवर, नजर पायावर



वाचक भगिनी-बंधूंनो, या महिन्याचे पान आम्ही थोड्या जड मनाने लिहीत आहोत. विषय आरोग्याचा आहे, पण चूक आमच्या घरातली आहे आणि खरे सांगायचे तर आमच्याच हातची आहे.

इंदापूर तालुक्यात नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर आमच्या मोठ्या मामूंची ऊसशेती आहे. मामूंचे वय ६४, मधुमेह चौदा वर्षांचा. गेल्या हिवाळ्यात आमच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला. रोज पहाटे अर्धा तास अनवाणी मातीवर चाला, जमिनीतली शक्ती तळपायातून अंगात शिरते, साखर उतरते, गोळ्या सुटतात, असे त्यात एक गृहस्थ मोठ्या खात्रीने सांगत होते. आम्हाला ते लगेच पटले. आजोळी बांधावरून अनवाणी धावतच तर आम्ही वाढलो. आम्ही तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले, "मामू, हे खास तुमच्यासाठी."

मामूंनी मनावर घेतले. फजरची नमाज झाली की चपला बांधावर काढून ते शेतात फिरू लागले. फोनवर म्हणायचे, "अंग हलकं वाटतंय." तिसऱ्या आठवड्यात मुमानींना जानमाजवर तांबूस डाग दिसला. मामूंचा पाय उलटा करून पाहिला तर करंगळीच्या मुळाशी बाभळीचा काटा मोडून आत रुतलेला आणि भोवती पू झालेला. "लगा होता तो समझता नै क्या?" मामू पुन्हा पुन्हा हेच म्हणत राहिले. काटा लागला होता, पण समजला नव्हता. इतक्या वर्षांच्या साखरेने तळपायाची जाणीवच गेली होती. बारामतीला नेले, उपचार झाले, पण शेवटी करंगळी काढावी लागली. अल्लाहचा शुक्र की पाय वाचला.

मातीचा स्पर्श चांगला की वाईट, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या डोक्यात घोळत होता. या काळात जे वाचले आणि डॉक्टरांकडून समजून घेतले त्याचे सार एका वाक्यात सांगता येईल: ज्या पायाला काटा कळतो, त्या पायाला माती मानवते. ज्या पायाला काटा कळत नाही, त्याने मातीवर उघडे उतरू नये.

आधी त्या व्हिडिओतला दावा पाहू. जमिनीत इलेक्ट्रॉन भरपूर असतात, ते उघड्या कातडीतून अंगात येतात आणि त्यामुळे सूज व वेदना कमी होतात, झोप सुधारते, असे ही मंडळी सांगतात. यावर काही प्रयोग झाले आहेत, पण ते मोजक्या माणसांवर. त्यांतल्या काही संशोधकांचे अशा चटया-चादरी विकणाऱ्या कंपनीशी आर्थिक संबंधही होते. मधुमेहाची गोळी सोडावी असा कोणताही पुरावा त्यात नाही. मामूंना हलके वाटले ते खोटे नव्हते, पण ते चालण्याने. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात. हे काम चांगले बूट घालून चालले तरी तितकेच होते.

मग मातीचा फायदा काहीच नाही का? आहे, आणि तो मुख्यतः लहान मुलांना आहे. दक्षिण भारतातल्या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांचे पाय तपासून १९९२ साली निष्कर्ष मांडले. बूट-चपला वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण ८.६ टक्के निघाले, तर अनवाणी वाढणाऱ्या मुलांत २.८ टक्के. बंद बुटांत वाढणाऱ्यांत ते सर्वांत जास्त होते. उघडे पाऊल ढेकूळ, खडा, उतार यांच्याशी जुळवून घेते, बोटे पकड घेतात आणि तळव्याची कमान घडत जाते.

दुसरा फायदा मातीतल्या सूक्ष्म जीवांचा. फिनलंडमध्ये ३ ते ५ वर्षांच्या मुलांच्या काही पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळ आणून पसरली गेली. मुलांना त्यात रोज खेळू दिले. अवघ्या २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरच्या जीवाणूंची विविधता वाढली आणि रोगप्रतिकारशक्तीला ताळ्यावर ठेवणारी काही लक्षणे रक्तात दिसली. २०२० साली हे प्रसिद्ध झाले. मुले थोडीच होती, म्हणून यावरून मोठे दावे करणे योग्य नाही. पण फ्लॅटच्या फरशीवर आणि मोबाइलसमोर वाढणाऱ्या आपल्या मुलांना रोज तासभर अंगणात, शेतात, मातीत सोडायला यातून नक्कीच बळ मिळते.

आपल्या भागाला मातीचे हे महत्त्व नवे नाही. तालमीतला हौदा आठवून पाहा. तांबडी माती चाळून घेतात, तिच्यात ताक, हळद, तेल, लिंबू, कापूर घालतात, रोज खोऱ्याने उकरून मोकळी करतात. जखम वा नायटा असलेल्या पोराला वस्ताद हौद्यात उतरू देत नाहीत आणि कुस्ती झाली की अंघोळ ठरलेली. म्हणजे आपल्या वाडवडिलांनी माती अंगाला लावली, पण ती निवडून, निगा राखून आणि अंग तपासून.

दर वर्षी आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने जाते. काटेवाडीत मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीत अश्वांचे. कितीतरी वारकरी अनवाणी असतात. आता ती वाट डांबराची आणि काँक्रीटची झाली आहे, आणि उन्हात तापलेला रस्ता ही काही माती नव्हे. वारकऱ्याच्या पायाला फोड आला की तो ठणकतो, मग तो थांबतो, पायाला तेल लावून घेतो, डॉक्टरांच्या तंबूत जातो. त्याचे दुखणेच त्याची राखण करते. मामूंच्या पायाकडे ही राखण उरली नव्हती.

आपल्या दीनमध्ये मातीचे स्थान मोठे आहे. माणूस मातीचा घडला आणि सजद्यात कपाळ जमिनीलाच टेकते. पाणी नसेल किंवा पाण्याने अपाय होणार असेल तर स्वच्छ मातीने तयम्मुम करण्याची सवलत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) साथीदारांना कधी कधी अनवाणी चालायला सांगत, असे सुनन अबू दाऊदमध्ये आले आहे. सहीह मुस्लिममध्ये पादत्राणे वापरत राहण्याचीही शिकवण आहे. दोन्ही एकत्र वाचले की समतोल आपोआप कळतो.

अबू दाऊदच्याच संग्रहातली आणखी एक हकीकत आम्हाला या काळात झोपू देत नव्हती. प्रवासात एका सहाबींच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. त्यांच्यावर गुस्ल फर्ज झाले. तयम्मुम चालेल का, असे त्यांनी सोबत्यांना विचारले. पाणी आहे म्हणून चालणार नाही, असे सोबत्यांनी सांगितले. त्यांनी अंघोळ केली आणि त्यातच त्यांचा इंतकाल झाला. प्रेषितांना (स.) हे कळल्यावर ते सोबत्यांवर अतिशय नाराज झाले. माहीत नव्हते तर त्यांनी विचारले का नाही, हा त्यांचा सवाल होता. त्या सोबत्यांची नियत वाईट नव्हती. आमचीही नव्हती. पण न विचारता दिलेल्या सल्ल्याची किंमत सल्ला घेणाऱ्याने मोजली.

आता घरोघरी उपयोगी पडतील अशा काही गोष्टी.

घरात मधुमेही असेल तर वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून त्यांच्या पायाची जाणीव तपासून घ्या. नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवून ही तपासणी दोन मिनिटांत होते. पायाला मुंग्या, जळजळ, बधिरपणा, किंवा चप्पल पायातून निसटली तरी न कळणे, ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा व्यक्तीने शेतातच काय, घरातही अनवाणी फिरू नये. चप्पल मऊ आणि मागे पट्टा असलेली हवी, आणि पायात घालण्यापूर्वी ती झटकून आत खडा नाही ना हे हाताने चाचपावे. गरम पाण्यात पाय बुडवू नये आणि कुरूप ब्लेडने कापू नये. उन्हाळ्यात जुहरला मशिदीचे अंगण तव्यासारखे तापते. वुजूखान्यापासून आतपर्यंत ओले जाजम किंवा काथ्याची चटई अंथरायला विश्वस्तांना सांगा.

वुजू ही तर पाय पाहण्याची रोजची पाच वेळांची संधी आहे. बोटांच्या फटीत बोट फिरवून पाय धुण्याची शिकवण आपल्याला आहेच. धुतल्यावर फटी कोरड्या पुसा, म्हणजे चिखल्या होणार नाहीत. दिवसातून एका वुजूच्या वेळी तळवा नीट बघा. वाकता येत नसेल तर आरसा घ्या किंवा नातवाला बघायला सांगा. जखमेवर पट्टी असेल तर वुजू कसे करायचे, हे आपल्या आलिमांना विचारा. दीनने त्यासाठी सवलत ठेवली आहे.

मुलांना मातीत जरूर खेळू द्या, पण जागा पाहून. जिथे लोक उघड्यावर शौचाला जातात तिथल्या ओल्या मातीत आकडीकृमीच्या अळ्या असतात. त्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात, आतड्यात पोहोचून रक्त पितात आणि मूल फिके पडत जाते. २०१५ पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. शाळा-अंगणवाडीत १ ते १९ वर्षांच्या मुलांना मिळणारी ती गोळी चुकवू नका. धनुर्वाताचे जंतूही मातीत आणि शेणखतात असतात, म्हणून १० व्या आणि १६ व्या वर्षीची लस आणि गरोदरपणातली लस घ्यायलाच हवी. कोणालाही खोल काटा वा खिळा लागला तर त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा.

आणि आपल्या ऊसपट्ट्यासाठी एक खास गोष्ट. रात्रीची वीज आली की माणसे दारे धरायला अनवाणी उसात शिरतात. घोणस, नाग, मण्यार यांचा वावर तिथेच. रात्री गमबूट आणि बॅटरीशिवाय शेतात पाऊल टाकू नका. साप चावलाच तर बांधाबांध, चिरा देणे, मांत्रिक यांत वेळ न घालवता थेट सरकारी रुग्णालय गाठा.

मामू आता बूट घालून बांधावरून चालतात, गोळ्याही वेळेवर घेतात. त्यांचा सहा वर्षांचा नातू मात्र भुसभुशीत काळ्या रानात अनवाणी हुंदडतो. कोणी त्याला रागावत नाही. संध्याकाळी मुमानी दोघांचे पाय धुऊन बघतात, आधी नातवाचे, मग मामूंचे.

घरच्या ग्रुपवर आम्ही माफी मागितली आहे. मामूंनी उत्तरात एवढेच लिहिले, "पुढच्या वेळी आधी डॉक्टरांना विचार, मग मला पाठव." हेच आम्ही आपल्यालाही सांगतो. आज इशाच्या वुजूच्या वेळी आपल्या घरातल्या मधुमेही वडीलधाऱ्यांचे तळवे एकदा हातात घेऊन पाहा. अल्लाह आपणा सर्वांचे पाय सलामत ठेवो. आमीन.