दापुरीच्या चितार्‍याला घरी आणा

बारामती-इंदापूर भागात उसाच्या आणि डाळिंब-द्राक्षांच्या पैशांतून देखणी घरे उभी राहत आहेत. दिवाणखान्यात फुलांची चित्रे लागतात, पण ती ट्यूलिपची, लॅव्हेंडरची. दुकानात तयार मिळतात म्हणून. त्या भिंतींवर आपल्याच जिल्ह्यात काढलेली जुनी वनस्पतिचित्रे का नसावीत?

मुंबई सरकारने १८२८मध्ये पुण्याजवळ दापुरीला, म्हणजे आजच्या दापोडीला, वनस्पती उद्यान उभारले. पुढे ते डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्या हाती आले. हेच मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक. झाडे तुटली की झरे आटतात, असे त्यांनी त्या काळी सरकारला बजावले होते. टँकरची वाट पाहिलेल्या इंदापूरच्या जिरायती गावांना ते वेगळे समजावून सांगायला नको. १८४७ ते १८५० या काळात गिब्सन यांनी एका चित्रकाराकडून सुमारे १७० चित्रे करून घेतली. ती आज एडिंबराच्या शाही वनस्पती उद्यानात आहेत. हेन्री नोल्टी यांनी २००२मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला, म्हणून जगाला ती माहीत झाली.

चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता. त्याचे नाव मात्र कुणी लिहून ठेवले नाही. हे मनाला लागते. १६७८पासून छापल्या गेलेल्या ‘होर्तुस मलाबारिकुस’ या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या वैद्यांची नावे त्यांच्या नागरी लिपीतल्या निवेदनासह आहेत. त्यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी, पुण्याच्या वेशीवर, पानापानाची शीर टिपणारा माणूस निनावी राहिला. बारामतीला कवी मोरोपंतांचा अभिमान आहे, तो आपण नावानिशी मिरवतो. या चितार्‍याचे वंशज कुठे असतील तर त्यांनाही आपला पणजा ओळखता येणार नाही. मग त्याला पूर्वज मानण्याचा मान आपणच घ्यावा.

बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थेने एडिंबराशी रीतसर बोलून या चित्रांच्या उत्तम प्रती परवडणार्‍या किमतीत उपलब्ध कराव्यात. चित्राखाली झाडाचे मराठी नाव, शास्त्रीय नाव, दापुरी आणि साल छापावे. चित्रकाराच्या जागी ‘नाव नोंदलेले नाही’ असे स्पष्ट लिहावे. ती ओळ गाळू नये. आणि चौकटीत बसत नाही म्हणून देठ-पाने छाटू नयेत. नुसते फूल उरले की ते वनस्पतिचित्र राहत नाही, शोभेचा कागद होतो.

दापुरीची चित्रे बागेतली होती, माळावरची नव्हेत. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळरानातले पवन्या, मारवेल, कुसळीसारखे गवत, तिथला तरवड, हिवर हे आजच्या चित्रकारांनी काढायचे आहे. घर बांधणार्‍यांनी फर्निचरच्या खर्चात एवढे एक काम जरूर सांगावे. त्या चित्रावर सही ठळक असावी आणि मानधन आगाऊ द्यावे.