तीन आठवड्यांची बंदी

लोकांना विज्ञान कळत नाही म्हणून ते त्याला विरोध करतात. सोप्या शब्दांत आणि त्यांच्याच भाषेत माहिती दिली की विरोध मावळतो. हा पूर्वपक्ष जगभरच्या सरकारी कचेऱ्यांत आणि सद्भावनेने झटणाऱ्या शास्त्रज्ञांच्या तोंडी ऐकू येतो. लंडनच्या रॉयल सोसायटीने १९८५ मध्ये वॉल्टर बॉडमर यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल काढला. लोकांशी बोलणे हे शास्त्रज्ञांनी आपले कर्तव्य मानावे, असे त्यात म्हटले होते आणि ते योग्यच होते. मात्र सांगायचे ते शास्त्रज्ञांनी आणि ऐकायचे ते लोकांनी, ही समजूत त्या काळात पक्की झाली. ती चुकीची आहे, आणि तिची किंमत लोकांनी मोजली आहे.

अहवालाला वर्ष होत नाही तोच, २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. मेच्या सुरुवातीला किरणोत्सारी ढग उत्तर इंग्लंडमधल्या कंब्रियाच्या डोंगरांवर आला आणि नेमका तेव्हाच तिथे जोराचा पाऊस झाला. त्यातले किरणोत्सारी सीझियम गवतावर उतरले आणि गवतातून मेंढ्यांच्या पोटात गेले. काळजीचे कारण नाही, असे सुरुवातीला सांगण्यात आले. मग २० जूनला मेंढ्या हलवण्यावर आणि कापण्यावर बंदी आली. ती तीन आठवड्यांत उठेल, असा तज्ज्ञांचा निर्वाळा होता. शेवटच्या काही शेतांवरची बंदी उठली २०१२ मध्ये.

चूक कुठे झाली? अंदाज बांधला होता तो चिकणमातीवरच्या अनुभवातून. चिकणमाती सीझियमला धरून ठेवते, मुळांच्या हाती लागू देत नाही. कंब्रियाच्या डोंगरावरची जमीन आम्लधर्मी, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची. तिथे सीझियम मोकळे राहते. गवत ते शोषते, मेंढी ते गवत खाते, लेंडीवाटे ते पुन्हा जमिनीत जाते आणि फेरा चालू राहतो. तिथल्या जमिनीचा आणि चराईचा विचार आधी झाला असता, तर तीन आठवड्यांचे आश्वासन इतक्या ठामपणे कोणी दिले नसते.

लँकेस्टर विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांनी या मेंढपाळांशी सविस्तर बोलून जे लिहून ठेवले, ते विज्ञानप्रसार करणाऱ्या प्रत्येकाने वाचावे असे आहे. मेंढ्या डोंगरावर न सोडता खालच्या कुरणांत जास्त दिवस ठेवा, असा सल्ला दिला गेला. खालचे गवत मोजकेच असते आणि ते आत्ताच संपले तर पुढच्या हंगामात जनावरे काय खातील, हा शेतकऱ्यांचा प्रश्न होता. सीझियम बांधून ठेवणारी माती जमिनीवर पसरून, कुंपणात मेंढ्या कोंडून प्रयोग झाले. उघड्या डोंगरावर चरणारी मेंढी कोंडली की खंगते, तिच्यावरून काढलेले आकडे खरे येणार नाहीत, हे शेतकऱ्यांनी सांगून पाहिले. कोणी मनावर घेतले नाही, आणि पुढे ते प्रयोग सोडून द्यावे लागले. शेजारीच सेलाफील्डचा अणुप्रकल्प. १९५७ मध्ये तिथल्या अणुभट्टीला आग लागली होती. हे विष आधीपासूनच इथे नव्हते कशावरून, असे शेतकरी विचारत तेव्हा त्यांची शंका झटकून टाकली जाई. त्या भागातल्या सीझियमचा बराच वाटा चेर्नोबिलचा नसून जुन्या अणुचाचण्यांचा आणि त्या आगीचा होता, हे नंतर शास्त्रज्ञांनीच मान्य केले.

इथे भाषेचा अडसर नव्हता, दोघेही इंग्रजीच बोलत होते. मेंढपाळांना समस्थानिके कळत नव्हती हे खरे, पण शास्त्रज्ञांचे गणित जिथे अडले होते तिथली माहिती मेंढपाळांकडेच होती. ती वर पोचायला वाट नव्हती. अशी वाट बांधणे हाच विज्ञानसंवादाचा पहिला भाग आहे, असे माझे म्हणणे आहे.

आता उत्तर नायजेरियातल्या कानोकडे पाहू. २००३ मध्ये तिथे पोलिओची लस नाकारली गेली. लशीमुळे वंध्यत्व येते, अशी अफवा पसरली होती. अफवा खोटी होती, पण ती रुजली ती जमीन कोरी नव्हती. १९९६ च्या मेंदुज्वराच्या साथीत त्याच कानोमध्ये एका अमेरिकी कंपनीने मुलांवर नव्या औषधाची चाचणी घेतली होती. त्यात मुले दगावली, आणि पालकांची रीतसर संमती घेतली नव्हती या आरोपावरून खटले झाले. अशा गावात लस सुरक्षित असल्याचे आणखी एक पत्रक वाटून काय होणार?

आपल्याकडे पश्चिम उत्तर प्रदेशातही दारे बंद होत होती. नळाला पाणी नाही, दवाखान्यात औषध नाही, मग पोलिओचे डोस तेवढे पुन्हा पुन्हा घरपोच का, असे आया विचारत. या प्रश्नात अज्ञान कुठे आहे? तिथे त्याच मोहल्ल्यातल्या बायका घरोघर पाठवल्या गेल्या, मशिदींचे इमाम आणि अलीगढ-जामियासारखी विद्यापीठे सोबत आली. पुढे उत्तर प्रदेश आणि बिहारमधल्या १०७ गटांत स्वच्छता, जुलाबावरचे उपचार आणि इतर लशी यांची जोड दिली गेली. नैसर्गिक विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्यातला.

यावर एक आक्षेप हमखास येतो: असे ऐकत बसलो तर प्रत्येक अफवेला विज्ञानाच्या पंक्तीला बसवावे लागेल. मुळीच नाही. लशीने वंध्यत्व येत नाही, हे विधान कोणाच्या भावनेखातर बदलायचे नाही. आईचा प्रश्न ऐकणे आणि तिचा निष्कर्ष मान्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक पुण्याने १८९७ च्या प्लेगमध्ये पाहिला आहे. गोरे शिपाई घरात घुसून झडत्या घेत होते आणि लोक आपले आजारी माणूस लपवत होते. टिळकांनी ‘केसरी’तून या जुलमावर कडक टीका केली, आणि त्याच काळात शहर न सोडता हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उभे करण्यात पुढाकार घेतला. उपचाराला त्यांचा विरोध नव्हता, विरोध होता तो माणसांना वागवण्याच्या रीतीला.

दुसरा आक्षेप वेळेचा. साथ दारात असताना मोहल्ल्यामोहल्ल्यात बसून प्रश्न ऐकायला वेळ कुठला? कानोचे उत्तर पाहा. तिथली मोहीम जवळजवळ वर्षभर ठप्प राहिली. लस इंडोनेशियासारख्या मुस्लिमबहुल देशातून आणू, म्हणजे लोकांचा विश्वास बसेल, असे ठरल्यावर २००४ च्या जुलैअखेरीस ती पुन्हा सुरू झाली. तोवर उत्तर नायजेरियातला विषाणू आफ्रिकेतल्या आणि आशियातल्या पोलिओमुक्त देशांत शिरत चालला होता. २००५ मध्ये तो इंडोनेशियात पोचला. दहा वर्षे पोलिओचा एकही रुग्ण नसलेल्या त्या देशात सुमारे तीनशे मुलांना लकवा झाला.