उरले ७८ डॉलर

अमेरिका म्हटली की आपण डॉलरला रुपयांनी गुणतो. खर्चही डॉलरमध्येच होतो, हे विसरतो. मिलवॉकी हे तिथले मध्यम, त्यातल्या त्यात स्वस्त शहर. मॅथ्यू डेस्मंड यांच्या 'एव्हिक्टेड' (२०१६) या पुस्तकात तिथल्या एका कृष्णवर्णीय आईचा हिशेब आम्ही वाचला. महिन्याची सरकारी मदत ६२८ डॉलर, घरभाडे ५५०! उरलेल्या ७८ डॉलरांत वीज, साबण, दोन मुलांचे बूट. भाडे थकले की सामान रस्त्यावर, आणि बाहेर बर्फ. हवे तिथे घर मिळावे म्हणून याच शहरात तिच्या समाजाने १९६७-६८ मध्ये सलग २०० रात्री मोर्चे काढले होते. १९१७ साली बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून बाबासाहेबांना बाहेर काढले गेले, हे ठाऊक असलेल्या आमच्या भगिनींना त्या माऊलीचे दुःख वेगळे सांगायला नको.